बहुरूप्याला काय कळावं

बहुरूप्याला दुसऱ्याचं रूप घेता येतं हे ठीक, पण रूपाबरोबर त्या माणसाच्या मनातलंही त्याला कळावं का, एवढाच प्रश्न होता. प्रश्न खेळातला होता. गावच्या दूध संकलन केंद्रात, तापलेल्या पत्र्याखाली, आम्ही चौघं लांब टेबलाभोवती बसलो होतो आणि निवाडा मला द्यायचा होता. मी सांगितलं, कळू नये. खेळाच्या दृष्टीनं तो निवाडा बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर मी तोच देईन. पण मी तो कशापायी दिला हे मी तेव्हा तिघांपैकी कुणालाच सांगितलं नाही. मी घाबरलो होतो. माझे तळहात एवढे ओले झाले होते की टेबलावरची खडूची रेघ माझ्या हाताला लागून पुसली गेली.

लोहाऱ्यापासून थोड्या अंतरावरचं आमचं गाव. ऐंशीच्या दशकातली, पाठोपाठ पाऊस हुकलेली वर्षं. मी विशीत होतो आणि गावच्या दूध सोसायटीत तपासनीस म्हणून नुकताच लागलो होतो. त्यासाठी तीन महिने उस्मानाबादेत राहून शिकून आलो होतो. तिथं माझ्या खोलीत एक मुलगा होता. त्याच्या थोरल्या भावानं परदेशातून एका खेळाचं पुस्तक आणलं होतं. पुस्तक मी कधी पाहिलं नाही, पण खेळ त्यानं आम्हाला शिकवला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं, जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं, आणि भांडण झालं तर गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा, म्हणून त्याला पंच म्हणायचं. हा खेळ मी गावात आणला. सुताराकडून दोन लाकडी फासे करून घेतले. टेबलावर खडूनं डोंगर, ओढे, वाडे काढले. सकाळचं दूध गेलं की संध्याकाळच्या दुधापर्यंत केंद्रात काम नसायचं. तेवढ्या वेळात आम्ही खेळायचो.

गोष्ट अशी होती, की एका राज्यात पाऊस कुणीतरी अडवून ठेवलाय आणि तिघांनी तो अडवणारा शोधायचाय. ट्रॅक्टर चालवणारा एक आडदांड गडी होता, तो पहिलवान झाला. जनावरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर वयानं आमच्याहून मोठे, दहा-बारा वर्षांनी. ते वैदू झाले. आणि तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र. तो बदली पोस्टमन होता. लोहाऱ्याहून टपालाची पिशवी आणायचा, सायकलवर वस्त्या पालथ्या घालायचा, आणि दुपारी आमच्याकडे येऊन टेकायचा. दारोदार फिरल्यामुळं त्याला गावातल्या प्रत्येकाची चाल, खोकला, बोलायची लकब पाठ होती. तो बहुरूपी झाला. दुसरं काही होणं त्याला शक्यच नव्हतं.

महिनाभर खेळ छान चालला. मग ट्रॅक्टरवाला कुरकुरायला लागला.

"ह्येला लढायचं असलं की ह्यो पहिलवान व्हतो. जखम झाली की वैदू व्हतो. भिंत आली की घार व्हऊन उडतो. मग आमी काय त्येच्या मागनं पिशवी धरून हिंडायचं?"

"तू घे की बहुरूपी," माझा मित्र म्हणाला.

"मला न्हाय जमत. मला सोताचं रूपच कसंबसं जमतंय."

कंपाउंडर हसले, पण म्हणाले, "त्याचं म्हणणं खरं आहे पंच. हे जरा जड होतंय एका बाजूला."

मला ते पटलं होतं. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिघांना काय काय करता येतं ते मांडलं. एका रविवारी एकट्यानंच तिघांचे फासे टाकून पाहिले. बहुरूपी जवळजवळ दर वेळी पुढं. मग मी बंधनं घातली. रूप घ्यायला एक डाव मोडेल. घेतलं की सूर्य मावळेपर्यंत बदलता येणार नाही. पहिलवानाचे दंड मिळतील पण दम स्वतःचाच राहील, आणि घारीच्या पंखाला लागलेला बाण माणूस झाल्यावर हातात राहील. मित्रानं सगळं मुकाट्यानं मान्य केलं. उलट म्हणाला, "आता मजा यील. आधी लईच सोपं व्हतं."

एक गोष्ट मात्र ठरायची राहिली होती. पुढच्या डावात त्याला राजाच्या वजिराचं रूप घ्यायचं होतं. वजिराला माहीत होतं पाऊस कुणी अडवलाय. बहुरूप्यानं वजीर होऊन स्वतःच्याच डोक्यात डोकावलं की खेळ तिथंच संपणार. तेव्हा, रूपाबरोबर माहिती येते का?

आता ज्या टेबलावर दुपारी खेळ चालायचा त्याच टेबलावर आदल्या पंधरवड्यात काय झालं होतं, ते सांगायला हवं.

दुधात पाणी आहे का ते पाहायला लॅक्टोमीटर दुधात सोडतात. काचेची नळी असते, तळाशी जड. दूध घट्ट असलं तर ती वर तरंगते, पातळ असलं तर बुडते. किती बुडाली त्या आकड्याला आमच्याकडे डिग्री म्हणतात. पण दूध गरम असलं तरीही नळी जास्त बुडते. म्हणून आधी थर्मामीटरनं दुधाचा ताव बघायचा आणि त्याप्रमाणं डिग्रीत भर घालायची. हे मला शिकवलेलं होतं, मी परीक्षेत लिहून आलो होतो.

माझ्याकडचं थर्मामीटर मी फोडलं होतं. रुजू झाल्यावर महिन्याभरातच. धुताना हातातून निसटलं, फरशीवर काच आणि पाऱ्याचे गोळे. मी ते कागदात गोळा केले आणि मागच्या उकिरड्यात पुरले. चेअरमनना सांगायची हिंमत झाली नाही. त्या साली गावातली अर्धी तरुण पोरं खडी फोडायला जात होती आणि माझ्या जागेवर डोळा ठेवून असणारे चारजण मलाच माहीत होते. मी पाहिलं, की थर्मामीटर नाही हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मी डब्याला तळहात लावून ताव ओळखायला लागलो. हाताला सवय होईल असं वाटलं.

लोक उन्हातून दूध आणताना डब्याला ओलं पोतं गुंडाळायचे. त्यामुळं बहुतेकांचं दूध थंडच असायचं आणि माझा हात चुकला तरी फार चुकायचा नाही. माझ्या मित्राची आई मात्र ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतून यायची. तिकडचा आड आटला होता आणि टँकर कधी यायचा, कधी नाही. पोतं भिजवायला तिच्याकडे पाणी नव्हतं. भर उन्हात उघडा डबा डोक्यावर घेऊन ती यायची. एका संध्याकाळी तिच्या दुधात नळी इतकी बुडाली, की मी भर रांगेत म्हणालो, "मावशी, पाणी हाय ह्यात."

ती आधी हसली. तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग म्हणाली, "प्यायला पानी न्हाय बाबा, दुधात कुठलं घालू?"

रांगेतले काहीजण हसले. एकजण म्हणाला, "म्हंजे टँकर येतोय म्हणायचं तिकडं." पुन्हा हशा झाला. मी पुन्हा डिग्री लावली नाही. दूध जरा निवू द्यावं, हेही सुचलं नाही. रांगेत पुढं असणाऱ्या बागायतदाराच्या दुधात नळी तेवढीच बुडाली असती तर मी थांबलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला पुढं अनेक वर्षं विचारला आहे. उत्तर मला माहीत आहे. मी थांबलो असतो.

सोसायटीच्या नियमाप्रमाणं तिचं दूध तीन महिने बंद झालं. दूध बंद म्हणजे सभासदांना मिळणारी पेंड आणि कडबाही बंद. त्या उन्हाळ्यात दुसरीकडं कुठं चारा मिळत नव्हता. घरात एकच म्हैस. चारा नसला तर ती बाजारात न्यावी लागणार हे सगळ्यांना कळत होतं.

रात्रभर विचार करून मला उन्हाचं आणि ओल्या पोत्याचं उलगडलं, तेव्हा मी खरं तर सकाळी उठून सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मित्र नेहमीसारखा टपालाची पिशवी घेऊन आला, टेबलाशी बसला आणि खाली बघून म्हणाला, "म्या आईला इचारलं. दोनदा इचारलं, खरं सांग म्हनून. ती आता माज्याशी बोलत न्हाय."

त्यानं आईवर अविश्वास ठेवला होता, कारण तपासनीस मी होतो.

म्हणून, रूपाबरोबर माहिती येते का असं कंपाउंडरनी विचारलं आणि मित्र हसून म्हणाला, "यऊ दे की पंच. मग म्या एक दिवस तुजंच रूप घेतो. बघू तुज्या डोक्यात काय काय दडवलंयस," तेव्हा माझा हात टेबलावरच्या खडूच्या रेघेवर दाबला गेला. ती नुसती थट्टा होती, त्याला काही माहीत नव्हतं. तरी मला वाटलं, हा माझं रूप घेईल आणि पंचाला विचारेल, 'ह्या माणसाला काय ठाऊक हाय?' खेळात पंचाला खोटं बोलता येत नाही. तेवढी एकच गोष्ट मी त्या दिवसांत पाळत होतो.

"माहिती येत नाही," मी म्हणालो. "फक्त रूप. बाहेरून दिसतं तेवढंच. नाहीतर खेळ एका दमात संपेल."

"बरोबर," कंपाउंडर म्हणाले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "झ्याक." मित्रानं मान डोलावली. सगळ्यांना माझा निवाडा न्यायाचा वाटला.

चार-पाच दिवसांनी खेळात ते राजाच्या पाणवठ्यावर पोचले. तिथं एक मापाडी होता, तो प्रत्येक माणसाला पाणी मापून द्यायचा. बहुरूप्यानं त्या मापाड्याचं रूप घेतलं. मी म्हणालो, "बाहेरून दिसतं तेवढंच येईल. मापाडी काय करतो ते करून दाखव, मग फासा टाक."

"मापाडी म्हंजे आपला पंचच की," तो म्हणाला आणि उठला.

टेबलाच्या कडेला माझं सामान होतं. त्यानं पदराला पुसतात तसं शर्टाला हात पुसले. मी तसेच पुसतो. मान थोडी वाकडी केली. रिकाम्या डब्याला उजवा तळहात लावला, डोळे बारीक केले, जणू आतलं काहीतरी ऐकू येतंय. मग लॅक्टोमीटर दोन बोटांत धरून हलकेच सोडला, खाली वाकून पाहिलं, आणि माझ्या आवाजात, अगदी माझ्या आवाजात म्हणाला, "पुढं."

ट्रॅक्टरवाला खो खो हसला. मी हसायचा प्रयत्न केला. कंपाउंडर हसले नाहीत.

"आणि थर्मामीटर?" त्यांनी विचारलं.

मित्र माझ्याच रूपात, वाकडी मान तशीच ठेवून म्हणाला, "त्ये काय असतंय?"

"ताव बघायचं. आधी ताव बघतात, मग डिग्री."

"त्यो बघत न्हाय. त्यो हात लावतो डब्याला. म्या रोज बघतो की."

पत्रा तापून कडकड वाजत होता तेवढाच आवाज. कंपाउंडर माझ्याकडं बघत होते. मित्र मात्र त्यांच्याकडं बघत होता, आपली नक्कल कुठं चुकली हे समजून घ्यायला. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्यानं जे दिसतं ते हुबेहूब केलं होतं, आणि मी मन झाकलं होतं तरी बाहेरून सगळं दिसत होतं.

सांगायचा क्षण तो होता. म्हैस अजून त्यांच्या दारात होती.

मी म्हणालो, "रूपाला माहिती नसते असं ठरलंय. मापाड्याची आतली रीत तुला ठाऊक नाही, त्यामुळं तू केलंस ते अपुरं आहे. ही खेळी धरता येत नाही."

"मग फासा टाकू नको?"

"नको."

"ठीक हाय," तो म्हणाला आणि बसला. त्यानं एकदाही हुज्जत घातली नाही. मी पंच होतो.

जाताना कंपाउंडर दारात थांबले. "थर्मामीटर कुठं आहे तुमचं?"

"पेटीत आहे."

"बघू?"

"किल्ली घरी राहिली."

त्यांनी चप्पल घातली आणि गेले. त्यानंतर तीन दिवस मी रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी दचकायचो. चेअरमन आलेत, कंपाउंडरनी सांगितलंय, मित्राला उमगलंय, असं दर थोड्या वेळानं वाटायचं. जेवण जात नव्हतं. आई म्हणाली, ऊन लागलं असंल, कांदा ठेव खिशात. मी कांदा खिशात घेऊन हिंडत होतो आणि रविवारची वाट पाहत होतो, कारण रविवारी बाजार होता. खोटं कशाला लिहू, मला असंही वाटत होतं की म्हैस एकदा गेली की हे प्रकरण मिटेल.

रविवारी म्हैस गेली. मित्रच घेऊन गेला. परत आला तेव्हा केंद्रावरूनच आला. हातात नुसतं दावं. तो आत आला नाही, बाहेरूनच म्हणाला, "दोन दिस खेळाला यायचा न्हाय म्या." आणि दावं खांद्यावर टाकून ओढ्याकडं उतरला.

प्रकरण मिटलं नाही. मला वाटलं होतं भीती कमी होईल, पण आता ती वेगळीच झाली. आधी मी पकडला जायला घाबरत होतो. आता कुणीच कधी पकडणार नाही, आणि तो जन्मभर आईला तोच प्रश्न विचारत राहील, याची मला धास्ती बसली.

बुधवारी सकाळचं दूध गेल्यावर मी ओढा ओलांडून त्यांच्या घरी गेलो. मित्र दारात सायकलची साखळी बसवत होता. त्याची आई आत निवडत बसली होती. गोठ्याची जागा झाडून ठेवलेली होती. मी उभ्यानंच सांगितलं, थर्मामीटर फोडल्यापासून सगळं.

तिनं सूप खाली ठेवलं नाही. विचारलं, "म्हंजे दूध गरम व्हतं म्हनून?"

"व्हय मावशी."

"उनातनं आनलं तर गरमच असनार की."

"व्हय."

मित्राच्या हाताला साखळीचं काळं लागलं होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता, आईकडं बघत होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मग तो म्हणाला, "त्या दिशी म्या बरोबर केलं व्हतं तर. हात लावायचं."

"अगदी बरोबर केलं होतंस."

"अन् तू म्हनलास धरता येत न्हाय."

मी मावशींना म्हणालो, तुमच्या पाया पडतो. त्यांनी पाय मागं घेतले.

"हितं कशाला सांगतुयास?" त्या म्हणाल्या. "हितं कुनी म्हनलं न्हाय मला चोर. जिथं म्हनलास तिथं सांग. म्या येते सांजच्याला."

आधी चेअरमनकडं गेलो. ते पाच मिनिटं रागावले, मग म्हणाले, आधी का नाही बोललास, आणि दुधाच्या गाडीवाल्याकडं चिठ्ठी दिली. दोन दिवसांत नवीन थर्मामीटर आलं. एवढंच होतं ते.

पण संध्याकाळ त्याआधी आली. रांग लागली. तीच माणसं, ओली पोती गुंडाळलेले तेच डबे. कंपाउंडरही कधी नव्हे ते दाराशी उभे होते. मावशी शेवटी आल्या, डोक्यावर डबा नव्हता, पदर नीट घेतलेला. रांगेत उभ्या राहिल्या, जणू दूध घालायचंय. त्यांच्या मागं मित्र, टपालाच्या खाकी शर्टात. मी टेबलामागं बसूनच होतो. खेळातही मी एवढ्या माणसांपुढं कधी बोललो नव्हतो.

मी लॅक्टोमीटर बाजूला ठेवला आणि सांगितलं. मावशींच्या दुधात पाणी नव्हतं, थर्मामीटर मी फोडलं होतं, चूक माझी होती. वाक्यं पाठ करून आलो होतो, ती एका दमात संपली.

मागून कुणीतरी विचारलं, "काय म्हनला त्यो?"

पुढच्यानं सांगितलं, "ऐकू न्हाय आलं."

मी मावशींकडं पाहिलं. त्या थांबल्या होत्या, आणि मी पुन्हा बोलेपर्यंत थांबणार होत्या. मी उभा राहिलो, टेबलाला धरून, आणि परत पहिल्यापासून सांगितलं, या वेळी रांगेच्या शेवटाकडं तोंड करून, आणि शेवटच्या माणसानं मान हलवेपर्यंत बसलो नाही.